नाग्या नाही, नागसेन

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मी भाषणवाला माणूस नाही. दहावी पास आहे. गोदीत ठेकेदाराकडं अंगमेहनतीचं काम करतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. शिबिरवाल्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, नावावर बोलतो. ते म्हणाले, म्हणजे नामांतरावर? मी म्हटलं, नाही, साध्या नावावर. आईबापानं ठेवलेल्या, हाक मारायच्या नावावर. त्यांचे चेहरे पडले. महागाई आहे, बेकारी आहे, रोज कुठंतरी आपल्या माणसावर हल्ला होतोय, आणि हा साला हाक मारायच्या नावावर बोलणार.

बोलणार. रडणार मात्र नाही, हिशेब मांडणार.

मराठी भाषेत एका नावाला किती शेपट्या लागतात बघा. राम घ्या. रामराव, रामजी, रामभाऊ, रामा, राम्या. नाव एक, पायऱ्या पाच. कोण कुठल्या पायरीवर उभा राहणार हे कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात छापलेलं नाही, तरी गावातल्या शेंबड्या पोराला ते तोंडपाठ असायचं. वतनदाराचं सहा वर्षांचं पोर साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला 'ए धोंड्या' म्हणायचं, आणि म्हातारा 'जी धनी' म्हणत उठायचा. तो धोंड्या म्हणजे माझा पणजा. त्याच्या आईनं ठेवलेलं नाव होतं धोंडिबा. त्यातला 'बा' कुणी खाल्ला? बायकांचं तर विचारूच नका. यमुनेची यमनी, सगुणाची सगुणी, भागीरथीची भागी. नदीचं नाव घेतलं तरी आमच्या दारात येईपर्यंत तिचा ओहोळ व्हायचा.

कुणी म्हणेल, ही बोलीची सवय आहे, यात कट कसला? कट लिहून ठेवलाय बाबांनो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात एकतिसावा श्लोक आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं, आणि शूद्राचं नाव किळस यावी असं. पुढचाच श्लोक सांगतो की शूद्राच्या नावातून चाकरी दिसली पाहिजे. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या नावावर पहारा. बाबासाहेबांनी महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे पुस्तक जाळलं त्यात हेही होतं. कागद जळला, जीभ राहिली.

आता कुणी विद्वान उठेल आणि म्हणेल की दगडू, धोंडू, कचरू, भिकू ही नावं सगळ्याच जातीत होती. मुलं जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी मुद्दाम वाईट नावं ठेवत. अगदी बरोबर. त्याच विद्वानाला मी विचारतो: महर्षी कर्वे यांचं नाव काय? धोंडो केशव कर्वे. १९५८ साली भारतरत्न झाले. नावात धोंडाच की! पण त्यांना कुणी धोंड्या म्हटल्याचं तुम्ही कुठं वाचलंत? एकाच्या घरात धोंड्याचा धोंडोपंत होतो, दुसऱ्याच्या घरात धोंडिबाचा धोंड्या. दगड तोच. एका ठिकाणी तो देव्हाऱ्यात बसतो, दुसऱ्या ठिकाणी पायरीला लागतो. म्हणून मी म्हणतो, भांडण शब्दाच्या अर्थाशी नाही. ते नाव कुणाच्या तोंडून कसं येतं, त्याच्याशी आहे.

१९७८ साली 'बलुतं' आलं. लेखकाचं नाव दया पवार. पण त्या पुस्तकात दगडू आणि दया पवार समोरासमोर बसून बोलतात. एकाच माणसाची दोन नावं, आणि त्या दोन नावांच्या मधे सगळं आयुष्य. आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात असा एक दगडू बसलेला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी जी पहिली गोष्ट फुकटात मिळवली ती म्हणजे नावं. जमीन मिळाली नाही, वाडे मिळाले नाहीत, पण पाळण्यात गौतम आला, सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद आला. यशोधरा आली, संघमित्रा आली. पणज्याचं नाव धोंडिबा, बापाचं गौतम, माझं नागसेन. आजा गिरणीत होता, सहीपुरतं शिकलेला. विहारात एका भन्तेजींचं प्रवचन त्यानं ऐकलं होतं. मिलिंद नावाचा राजा भल्याभल्यांना प्रश्न विचारून गप्प बसवायचा, आणि नागसेन नावाच्या भिक्खूनं त्याला उत्तरं दिली. आजा म्हणाला, राजाला उत्तर देणाऱ्याचं नाव आपल्या नातवाला ठेवायचं. बस्स. एवढाच आमचा वंशाचा दस्तऐवज.

आणि गोदीत पहिल्या दिवशी मी झालो 'नाग्या'.

आमचा सुपरवायझर तेवीस-चोवीसचा पोरगा. डिप्लोमा करून आलेला. वाईट नाही बिचारा. पण पन्नाशीच्या गणपतरावांना तो 'ए गण्या' म्हणतो आणि गणपतराव त्याला 'साहेब' म्हणतात. मी त्याला एकदा म्हटलं, साहेब, माझं नाव नागसेन आहे. तो हसला. म्हणाला, विंचच्या आवाजात एवढं लांब नाव कोण घेणार? मी म्हटलं, नागसेन चार अक्षरं. तुमचं नाव पाच अक्षरी, वर साहेब तीन अक्षरी. ही आठ अक्षरं आम्ही विंचच्या आवाजातच ओरडतो.

मग तीन दिवस मला पाळी लागली नाही. तीन दिवसांचा रोज गेला. चौथ्या दिवशी घेतलं, पण मग नावच घेईना. 'ए सत्तावीस.' माझा बिल्ला नंबर. टोळीतल्या एका म्हाताऱ्या कामगारानं मग ते मनावर घेतलं. तो मुद्दाम मोठ्यानं 'नागसेन' म्हणून हाक मारायला लागला. हळूहळू टोळी म्हणायला लागली. सुपरवायझर आजही नागसेन म्हणत नाही. तो 'ओ' म्हणतो. 'ए'चा 'ओ' झाला. माझी क्रांती सध्या इथपर्यंत पोचली आहे, हसा.

हसून झालं असेल तर आता पुढचं ऐका, कारण हे हसण्यावारी न्यायचं नाही.

आमच्या टोळीत एक जण होता, त्याला सगळे 'बारक्या' म्हणायचे. पंचेचाळीस वर्षांचा बारक्या. स्टीलच्या कॉईलखाली त्याचा पाय सापडला. चौघं जण त्याला घेऊन इस्पितळात गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव? तो शुद्धीवर नव्हता. चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. त्यातला एक जण बारा वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून काम करत होता. गेटपास खिशात असेल म्हणून चाचपलं, तर पास ठेकेदाराच्या ऑफिसात जमा. मग केसपेपरवर काय लिहिलं? बारक्या, पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस. पुढं भरपाईचा विषय निघाला तेव्हा ठेकेदाराचा माणूस शांतपणे म्हणाला, या नावाचा कोणी आमच्या यादीत नाही. खोटं बोलत नव्हता तो. यादीत खरंच नव्हता. तिथं त्याचं दुसरंच नाव होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगनं, आणि आधार कार्डावर तिसरं. पाय एकाचा गेला आणि कागदावर तीन माणसं उभी राहिली. तिन्ही मिळून एक आहे हे सिद्ध करण्यात त्याची बायको चपला झिजवतेय. दावा चालू आहे म्हणून त्याचं खरं नाव इथं घेत नाही. पण आता टोळीतल्या प्रत्येकाला ते नाव, बापाच्या नावासकट, पाठ आहे.

मित्रांनो, गोदीत नावाची किंमत काय ते जुन्या कामगारांना माहीत होतं. एके काळी गेटवर रोज माणसांचा बाजार भरायचा. मुकादम बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी घरी. १९४८ साली गोदी कामगारांच्या भरतीवर नियम घालणारा कायदा झाला, आणि कामगारांची नोंदणी करायची वाट निघाली. रजिस्टरात नाव चढलं म्हणजे माणूस मोजला गेला. त्याला नाकारायचं तर कारण द्यावं लागतं. आज ठेकेदारीत आम्ही पुन्हा बोटाच्या इशाऱ्यावर आलो, आणि ज्याचं पूर्ण नाव कुणाला ठाऊक नाही त्याला घालवायला बोटही हलवावं लागत नाही. उद्यापासून बारक्या आला नाही, संपलं. तोडलेलं नाव म्हणजे मालकाची सोय.

आता माझ्यावरचे आक्षेप मीच घेतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिला आक्षेप: अरे, प्रेमानंही लोक नाव मोडतात. माझी आई मला नाग्याच म्हणते. ती मला नागसेन म्हणाली की मी समजतो, आज काहीतरी बिघडलंय. बाबासाहेबांचं घरचं नाव भिवा. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव दाखल झालं, त्या रजिस्टरात भिवाच आहे. मग प्रेमाचं मोडणं आणि माजाचं मोडणं, फरक ओळखायचा कसा? मी सोपी कसोटी सांगतो. हाक उलटून बघा. आई मला नाग्या म्हणते, मी तिला 'अगं आई' म्हणतो, अरेतुरे दोन्हीकडून चालतं. दोस्त मला नाग्या म्हणतो, मी त्याला पक्या म्हणतो, कुणाचं काही जात नाही. पण सुपरवायझर मला नाग्या म्हणतो तेव्हा मी उलट त्याच्या नावाला 'या' लावला तर उद्या गेटच्या आत असेन का? जी हाक परत फिरवता येते ती माया. जी परत फिरवता येत नाही ती वेठ.

दुसरा आक्षेप आपल्याच एका वाचणाऱ्या मित्राचा. तो म्हणाला, तू नागसेन ना? मग 'मिलिंदप्रश्न' उघडून बघ. राजानं पहिलाच प्रश्न नावाचा विचारला. आणि नागसेनानं सांगितलं की नागसेन हा नुसता व्यवहाराचा शब्द आहे. आईबाप नागसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, सिंहसेनही ठेवतात, पण त्या नावामागं कायमचा असा कुणी पुरुष सापडत नाही. मग रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, तसंच. तर तू कशाला नावाला चिकटून बसतोस? बौद्ध ना तू?

च्यायला, चांगलं पकडलं होतं त्यानं. पण तेच पुस्तक पुढं वाचा. वाद करण्याआधी नागसेनानं राजाला अट घातली. पंडित जसे बोलतात तसं बोलणार असशील तर बोलतो. राजे बोलतात तसं बोलणार असशील तर नाही बोलत. कारण पंडिताला चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजाला दाखवली तर तो म्हणतो, याला शिक्षा करा. राजानं अट मान्य केली आणि सबंध पुस्तकभर त्याला 'भन्ते नागसेन' म्हणत राहिला. मी एवढंच मागतोय. नाव हा व्यवहार आहे, कबूल. त्यात आत्मा नाही, कबूल. पण व्यवहार असेल तर तो सरळ करा. रथ म्हणजे नुसता शब्द असेलही, म्हणून माझं चाक काढून न्यायचा हक्क कुणाला मिळत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, आणि तो तुमच्यातल्या शहरी, शिकलेल्या पोरांचा आहे. तुमच्यातला सिद्धार्थ ऑफिसात 'सिड' झालाय. मला माहीत आहे का ते. इंग्रजी ऐटीसाठी नुसतं नाही. पूर्ण नाव सांगितलं की समोरचा लगेच दुसरा प्रश्न विचारतो: आडनाव काय? आणि मग गाव कुठलं? धम्मपाल, संघपाल, नागसेन म्हटलं की भाड्याची खोली अचानक 'कालच गेली' होते. म्हणजे आजा-बापानं ज्या नावानं जात फेकून दिली, त्या नावावरूनच आता जात ओळखली जाते. ही या व्यवस्थेची हरामखोरी. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या पुस्तकाला २०२३ साली साठ वर्षं झाली. खोली अजून तशीच मिळते.

खोलीसाठी, पोटासाठी कुणी नाव आखडलं तर मी त्याला शिव्या घालणार नाही. पोट मलाही आहे. पण एक सांगतो. नाव लहान केल्यानं जात लहान होत नाही, फक्त भीती मोठी होते. सिड झालेला सिद्धार्थ रोज सकाळी पंचिंग करताना घाबरतो की आज कुणी पूर्ण नाव विचारील का. निदान इथं, या हॉलमधे, आपल्या वस्तीत, आपल्या मासिकात तरी पूर्ण नाव लिहा. कविता पाठवताना खाली नुसतं 'सिड' लिहून पाठवू नका.

आणि आपणच एकटे हे भोगतोय असं समजू नका. आपल्या पँथरनी १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हाच लढा दिलाय. तिथं पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वेडब्यात हमाली-सेवेचं काम काळी माणसं करायची. गोरे प्रवासी त्या सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणायचे. का? तर मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची जुनी खोड. त्या हमालांनी १९२५ साली युनियन काढली आणि बारा वर्षं झगडून १९३७ साली कंपनीला करारावर सही करायला लावली. दुसरी गोष्ट मेरी हॅमिल्टनची. नागरी हक्कांसाठी लढणारी बाई. तिकडं गोऱ्यांना मिस्टर, मिस लावायचे आणि काळ्यांना नुसत्या पहिल्या नावानं हाकारायचे. म्हणजे आपल्याकडच्या अरेतुरेसारखंच. १९६३ साली अलाबामातल्या कोर्टात सरकारी वकील तिला नुसतं 'मेरी' म्हणाला. ती म्हणाली, मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशानं कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. १९६४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. एका हाकेसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत! आणि आपल्याला वाटतं, हा काय विषय झाला.

आपण तर नावासाठी रक्त सांडलेले लोक. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही विस्तार करून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सोळा वर्षांची लढाई या पाच शब्दांत आहे. आणि आपलीच पोरं आज काय म्हणतात? 'बामू'. बामूला ॲडमिशन घेतलं. इंग्रजी आद्याक्षरांचा गोळा. माझी हात जोडून विनंती आहे, ते पाच शब्द उच्चारायला लागतील तेवढे सेकंद खर्च करा. ज्यांनी जीव दिला त्यांनी 'बामू'साठी नाही दिला.

सरकारी कागद थोडे हललेत, ते नाकारत नाही. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मधे वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव लिहायचं ठरलं. चांगलंच झालं. पण हाक तोंडानं मारतात, तोंडावर जीआर लागत नाही. तोंड आपणच बदलायचं, आणि सुरुवात आपल्या घरात करायची.

आपल्या घरात काय चाललंय? शाखेच्या बोर्डावर पुरुषांची नावं बापासकट, आडनावासकट, पुढं 'आयु.' लावून. बायकांची? 'अमक्याच्या मिसेस', 'वहिनी', फार तर 'सौ.'. लग्नात तांदळाच्या ताटात मुलीचं नाव पुसून नवं लिहायची रीत आपल्यातही काही घरांत शिरलीय. संघमित्रा नाव असलेली पोरगी सासरी जाऊन 'पूजा' होते, आणि आपण टाळ्या वाजवतो. मनूनं जे पाळण्यात केलं ते आपण बोहल्यावर करतोय. बैठकीत चहा आणणाऱ्या पोराला 'छोट्या' म्हणतो. ड्रेनेज साफ करायला येतो त्याला 'ए भाय' म्हणतो. कसोटी इथंही लावा. तो छोट्या तुम्हाला उलट काय म्हणू शकतो?

म्हणून माझं मागणं चार ओळींचं आहे. एक, आपल्या टोळीतल्या, ऑफिसातल्या, कॉलेजातल्या पाच जणांची पूर्ण नावं पाठ करा, बापाच्या आणि आईच्या नावासह. दोन, तुमचं नाव तोडणाऱ्याला रागावण्याआधी एकदा सरळ सांगा. तोडत राहिला तर ओ देऊ नका, आणि दुसऱ्याचं नाव तोडलं जात असेल तर मधे पडून पूर्ण नाव मोठ्यानं घ्या. एकटा बोलला तर त्याचा रोज जातो, टोळी बोलली तर 'ए'चा 'ओ' होतो. तीन, आपल्या बायकांना, बहिणींना त्यांच्या नावानं बोलवा, बोर्डावर त्यांच्या नावानं लिहा. चार, मजुरी करणाऱ्यांनी मस्टर, पास, आधार, बँक, पीएफ या पाचही ठिकाणी आपलं नाव एकसारखं आहे का ते या महिन्यात तपासून घ्या. ज्याला फॉर्म भरता येत नाही त्यानं रविवारी सकाळी विहारात यावं, मी नि दोन मित्र बसणार आहोत. कविता नंतर लिहू.

आता प्रश्न विचारा. विचारण्याआधी तेवढं आपलं पूर्ण नाव सांगा.

जयभीम.